विज्ञानकथेला विज्ञानाच्या तासातून सोडवा : मराठी अभ्यास मंडळांना खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष आणि सदस्य,
मराठी अभ्यास मंडळे
(महाराष्ट्र, गोवा आणि जिथे जिथे मराठी विभाग आहे ती सर्व विद्यापीठे)

विषय : एम.ए. मराठीच्या अभ्यासक्रमातील विज्ञानकथेचे स्थान

महोदय, महोदया,

सप्रेम नमस्कार.

सरळ मुद्द्यावर येते. जयंत नारळीकरांची ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ ही कथा तुमच्यापैकी बहुतेकांनी वाचलेली असेल. एनसीईआरटीच्या अकरावीच्या ‘हॉर्नबिल’ या इंग्रजीच्या पुस्तकात ती ‘द ॲडव्हेंचर’ या नावाने वर्षानुवर्षं शिकवली गेली. त्यामुळे गोरखपूरच्या किंवा कोट्टायमच्या सीबीएसई शाळेतून बाहेर पडलेल्या मुलाला त्या कथेतले प्रोफेसर गंगाधरपंत गायतोंडे ठाऊक असतात, विश्वासरावांच्या कानाजवळून गेलेली गोळी ठाऊक असते. आणि आपल्याकडे मराठी घेऊन एम.ए. झालेला, नेट-सेटला बसणारा मुलगा मला विचारतो, “मॅडम, नारळीकर वाचायचे ते कुठल्या पेपरसाठी?”

विज्ञानकथा नेमलीच जात नाही, एवढीच तक्रार असती तर हे पत्र लिहिलं नसतं. काही ठिकाणी ती नेमली जाते. ‘साहित्यप्रवाह’ नावाच्या पेपरात दलित, ग्रामीण, स्त्रीवादी, आदिवासी असे सगळे प्रवाह होऊन सत्र संपत आलं की तिची पाळी येते, आणि दोन तासांत ती उरकली जाते. माझी तक्रार त्या दोन तासांत काय होतं याबद्दल आहे.

उत्तरपत्रिका तपासायला कॅपला, म्हणजे विद्यापीठाच्या मध्यवर्ती मूल्यांकन केंद्रात, बसलं की ते लख्ख दिसतं. प्रश्न ठरलेला : ‘विज्ञानकथेचे स्वरूप सांगून तिची वैशिष्ट्ये स्पष्ट करा.’ गठ्ठ्यातल्या पहिल्या उत्तरपत्रिकेपासून शेवटच्या उत्तरपत्रिकेपर्यंत एकच उत्तर. विज्ञानकथा समाजात वैज्ञानिक दृष्टिकोन रुजवते. अंधश्रद्धा दूर करते. विज्ञानातल्या अवघड संकल्पना सोप्या भाषेत समजावते. भविष्याचा वेध घेते. गाईडमधले मुद्दे आले की गुण पडले. एकदा एका मुलीने शेवटी आपल्या मनाने एक ओळ घातली होती : ‘पण कथेतील शास्त्रज्ञाच्या बायकोला चहा आणण्यापलीकडे काहीच काम का दिले नाही ते कळत नाही.’ आदर्श उत्तरात हा मुद्दा नव्हता. मी दोन गुण दिले. मॉडरेटरांनी उत्तरपत्रिका माझ्यापुढे सरकवून विचारलं, हे कशाचे?

त्या अख्ख्या गठ्ठ्यात साहित्याबद्दल बोलणारं वाक्य तेवढं एकच होतं.

ग्रामीण कथा वाचल्याने पेरणी कधी करावी ते कळतं, असं कुणी लिहिलं तर आपण हसू. ऐतिहासिक कादंबरीची प्रत तिच्यातल्या सनावळीवरून कुणी ठरवली तर त्याला खाली बसवू. मग विज्ञानकथेपुरतं हेच मोजमाप आपल्याला का चालतं? तिच्यातलं विज्ञान बरोबर आहे ना, ते वाचकाला समजलं ना, हे दोन प्रश्न विचारून झाले की आपली समीक्षा संपते. असल्या प्रश्नांसाठी भौतिकशास्त्र विभागातले सहकारी आहेत की! त्यांना बोलवू, ते आनंदाने येतील.

हे असं का झालं, त्याला इतिहास आहे. मराठीत विज्ञानकथा मामाकडे वाढली. मराठी विज्ञान परिषद १९६६ साली स्थापन झाली आणि तिने विज्ञानकथांच्या स्पर्धा घेतल्या. १९७४ साली नारळीकरांनी ‘कृष्णविवर’ ही पहिली कथा याच स्पर्धेला पाठवली. नाव घेतलं नारायण विनायक जगताप, म्हणजे स्वतःची आद्याक्षरं उलटी करून, आणि हस्ताक्षर ओळखू येऊ नये म्हणून ती पत्नी मंगलाताईंकडून लिहून घेतली. पहिलं बक्षीस मिळालं. पुढे ‘किर्लोस्कर’सारख्या मासिकांनी आणि दिवाळी अंकांनी अशा कथांना जागा दिली, बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे, निरंजन घाटे, सुबोध जावडेकर यांची पिढी लिहिती झाली. मराठी विज्ञान परिषदेचे उपकार मोठे आहेत, पण तिचं काम विज्ञानप्रसाराचं. तिने कथेकडे त्या नजरेने पाहिलं तर तिचं काही चुकलं नाही. चूक मराठी विभागांची, कारण त्यांनी तिचंच मोजमाप उचललं आणि स्वतःचं घडवलं नाही.

नारळीकर स्वतःही म्हणत आले की विज्ञान लोकांपर्यंत नेणं हा आपल्या कथालेखनाचा एक हेतू आहे. म्हणत असोत. लेखकाने सांगितलेला हेतू म्हणजे कृतीचा अर्थ नव्हे, हे आपण एम.ए.च्या पहिल्या सत्रात शिकवतो. नारळीकरांच्या वेळी मात्र तो धडा विसरतो. कदाचित लेखक एवढा मोठा शास्त्रज्ञ असल्यामुळे आपली जीभ रेटत नसावी.

हा पेच एकट्या मराठीचा नाही. चीनमध्ये तो फार उघडपणे लढला गेला. लू शुन या चिनी साहित्यिकाने १९०३ साली फ्रेंच लेखक ज्यूल व्हर्नची चंद्रप्रवासाची कादंबरी जपानीवरून चिनीत आणली आणि प्रस्तावनेत म्हटलं की चिनी जनतेला पुढे न्यायचं तर अशा कथांपासून सुरुवात करावी. जवळपास त्याच काळात कृष्णाजी नारायण आठल्ये यांच्या ‘केरळ कोकिळ’ मासिकात व्हर्नचाच चंद्र ‘चंद्रलोकची सफर’ म्हणून मराठीत उतरत होता. दोन भाषा, एकच पुस्तक, आणि लोकांना शहाणं करण्याचा एकच हेतू. दोन्ही भाषांतल्या विज्ञानकथेच्या कपाळी ‘शैक्षणिक’ हा शिक्का तिथूनच बसला.

तो शिक्का पुसायचं धाडस तिकडे तुंग अनचंग यांनी केलं. ते सिच्वान विद्यापीठात पुरातत्त्व शिकवत आणि कथा लिहीत. १९७९ साली त्यांनी मांडलं की विज्ञानकथा ही कलाकृती आहे, विज्ञानाची माहिती देणं हा तिचा उद्देश नव्हे. यावरून मोठं वादळ झालं. विज्ञानकथेचं आडनाव ‘विज्ञान’ की ‘साहित्य’, असा वाद काही वर्षं चालला. मोठमोठे शास्त्रज्ञ लेखकांवर तुटून पडले. १९८३ साली ‘आध्यात्मिक प्रदूषणा’विरुद्ध, म्हणजे पाश्चात्त्य वळणाच्या विचारांविरुद्ध, सरकारी मोहीम निघाली, तेव्हा विज्ञानकथेची कित्येक मासिकं बंद पडली. एवढं होऊनही १९९१ साली वू यान नावाच्या प्राध्यापकांनी बेजिंग नॉर्मल विद्यापीठात पदवीच्या मुलांना विज्ञानकथा शिकवायला घेतली आणि २००३ पासून तिथे त्या विषयात एम.ए. सुरू झालं. २०१५ साली चिनी कादंबरीकार लिऊ त्सशिन यांना विज्ञानकथेचा मानाचा ह्यूगो पुरस्कार मिळाला आणि जग चिनी विज्ञानकथेकडे वळलं, तेव्हा त्या एम.ए.ला बारा वर्षं होत आली होती. आपल्याकडे असला वादच झाला नाही. वाद घालायला समोर कुणीतरी लागतं. मराठीत शास्त्रज्ञ लिहीत होते, वाचक वाचत होते आणि समीक्षक दुसऱ्या खोलीत होते.

‘पण याला सिद्धान्त कुठे आहे?’ हा प्रश्न मला एका चर्चासत्रात विचारला गेला. सिद्धान्त तुमच्या अभ्यासक्रमातच बसलेला आहे. समीक्षेच्या पेपरात आपण रशियन रूपवाद्यांना शिकवतो. रोजची, डोळ्यांना सवयीची झालेली गोष्ट अनोळखी करून दाखवणं हे कलेचं काम, असं त्यांच्यातले श्क्लोव्हस्की म्हणतात. नाटकाच्या पेपरात जर्मन नाटककार ब्रेख्त येतो, प्रेक्षकाला रंगमंचापासून दूर धरून विचार करायला लावणारा. झाग्रेबला जन्मलेल्या डार्को सुविन यांनी या दोघांना एकत्र आणलं आणि विज्ञानकथेची व्याख्या केली : जे जग वाचकाला परकं वाटतं, पण तर्काने समजून घेता येतं, त्या जगाची कथा. ती मांडणारा त्यांचा ग्रंथ १९७७ साली फ्रेंचमध्ये आणि १९७९ साली इंग्रजीत निघाला. गंमत पाहा, विज्ञानकथेच्या सिद्धान्ताचा पाया घालणारा हा माणूस युगोस्लाव्हियातून कॅनडात गेलेला, आधार घेतला रशियन आणि जर्मन विचारांचा, आणि ग्रंथ आधी फ्रेंचमध्ये. हा प्रकार इंग्रजीच्या मालकीचा आहे, ही आपली समजूत तिथेच ढासळते. सुविन यांच्या व्याख्येवर पुढे पुष्कळ टीका झाली, आणि ती रास्तही आहे. आपल्याकडच्या कथांत पुराण आणि विज्ञान ज्या सहजतेने एकमेकांत मिसळतात ते त्या व्याख्येत मावत नाही. पण नेमकं हेच तर मराठीच्या विद्यार्थ्याने लिहावं! वामनावतार माहीत असलेला वाचक नारळीकरांची ‘वामन परत न आला’ ही कादंबरी कशी वाचतो, हे सुविन यांना सांगता येणार नव्हतं.

भारतात मग कोण अभ्यास करतंय? इंग्रजीचे विभाग. १९९८ साली वेल्लोरला ‘इंडियन असोसिएशन फॉर सायन्स फिक्शन स्टडीज’ स्थापन झाली. सुपर्णो बॅनर्जी यांचा भारतीय विज्ञानकथेवरचा ग्रंथ २०२० साली वेल्स विद्यापीठाने काढला; त्यात हिंदी, बंगाली, इंग्रजीबरोबर मराठीचाही विचार आहे. बंगाली कल्पविज्ञानावर, म्हणजे तिकडच्या विज्ञानकथेवर, ओस्लो विद्यापीठात बोधिसत्त्व चट्टोपाध्याय काम करतात. या सगळ्यांबद्दल मला आदरच आहे. पण याचा परिणाम काय होतो ते बघा. चर्चा त्याच मराठी कथांची होते ज्या इंग्रजीत गेल्या. बाळ फोंडके यांनी नॅशनल बुक ट्रस्टसाठी १९९३ साली संपादित केलेला ‘इट हॅपन्ड टुमॉरो’ हा संग्रह आणि नारळीकरांची इंग्रजीत उपलब्ध असलेली पुस्तकं, बहुतेक एवढ्यावरच मराठी विज्ञानकथेबद्दलची मतं बनतात. श्री. बा. रानडे यांची ‘तारेचे हास्य’ त्या चर्चेत येत नाही. नाथमाधवांची ‘श्रीनिवासराव’ येत नाही. अरुण साधूंची ‘विप्लवा’ येत नाही. साधूंच्या बाबतीत तर दोष आपलाच जास्त. ‘मुंबई दिनांक’ आणि ‘सिंहासन’ यांवर आपण प्रबंधांमागून प्रबंध लिहून घेतले आणि त्याच लेखकाची विज्ञान कादंबरी पुस्तकसूचीत एका ओळीपुरती ठेवली. नारायण धारपांना भयकथेच्या कपाटात कोंडलं, भा. रा. भागवतांना बालसाहित्याच्या.

बंगालीकडून एक शिकण्यासारखं आहे. जगदीशचंद्र बोस यांची १८९६ सालची ‘निरुद्देशेर काहिनी’ ही ‘कुंतलीन’ नावाच्या केशतेलाच्या कंपनीने ठेवलेल्या स्पर्धेत बक्षीस मिळवलेली कथा. समुद्रात उठलेलं चक्रीवादळ डोक्याला लावायच्या तेलाची बाटली ओतल्याने शांत होतं! बंगाली अभ्यासकांनी ती ‘पहिली विज्ञानकथा’ म्हणून फोटोला हार घालून ठेवून दिली नाही. जाहिरात, वसाहतीच्या काळातला विनोद, हवामानखात्याची खिल्ली अशा अंगांनी ती वाचली. आपल्याकडे ‘मराठीतील पहिली विज्ञानकथा कोणती?’ यावर शोधनिबंध होतात आणि तिथेच थांबतात. प्रबंधांची शीर्षकं तर पाठ झालीत : ‘मराठी विज्ञानकथा : उगम, विकास आणि स्वरूप’, ‘अमुक यांच्या विज्ञानकथा : एक चिकित्सक अभ्यास’. आतली चिकित्सा म्हणजे कथानकांचे गोषवारे.

आता गंगाधरपंतांकडे वळते, कारण नुसतं ‘साहित्य म्हणून वाचा’ म्हणून भागणार नाही; वाचून दाखवायला हवं.

आपल्या जुन्या गद्याच्या पेपरात पानिपताची हकीगत सांगणारी ‘भाऊसाहेबांची बखर’ असते. विद्यार्थी ती कंटाळत वाचतात आणि ‘बखर वाङ्मयाची वैशिष्ट्ये’ घोकतात. नारळीकरांच्या कथेत इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत एका वेगळ्याच मुंबईत जाऊन पोचतात. जिजामाता एक्स्प्रेस सरहद्द नावाच्या स्थानकावर थांबते, परवाने तपासले जातात, कारण मुंबईत अजून ईस्ट इंडिया कंपनीचं राज्य आहे. टाउन हॉलच्या ग्रंथालयात बसून पंत शोधतात की आपला इतिहास आणि हा इतिहास कुठे फुटले. ते सापडतं ते याच बखरीत. तिथल्या बखरीत गोळी विश्वासरावांच्या कानाला चाटून जाते; तिळाएवढ्या अंतराने जीव वाचतो आणि पानिपत मराठे जिंकतात. गंमत अशी की पंत स्वतः बखरींवर फारसा विश्वास ठेवत नाहीत. रंगवून, फुगवून लिहिलेल्या मजकुरात कुठेतरी खऱ्याचा कण असतो, एवढंच त्यांचं मत. आणि दोन जगांमधला फरक सिद्ध करायला शेवटी हातात पुरावा उरतो तो त्याच अविश्वसनीय बखरीचं एक फाटलेलं पान.

इथे शिकवण्याजोगं केवढं आहे! बखरकाराचा तो दैवावर हवाला ठेवणारा सूर विज्ञानकथेत आला की त्याचं काय होतं? बखरीत जी ईश्वरी कृपा, तीच पुढे पंतांच्या शास्त्रज्ञ मित्राच्या तोंडी पुंजभौतिकीतला अनिश्चिततेचा सिद्धान्त होते : सूक्ष्म कण पुढे नेमका कसा वागेल ते आधी सांगता येत नाही. त्या एका गोळीकडे पाहायच्या या दोन रीती, आणि लेखक दोन्हींना कथेत जागा देतो. इतिहास म्हणजे घडलेलं की लिहिलेलं, हा प्रश्न आपण उत्तर-आधुनिकतेच्या पेपरात परदेशी नावं घेऊन शिकवतो. तो पानिपताच्या बखरीतून, आपल्याच मुलांच्या ओळखीच्या जखमेतून शिकवता येतो. शिवाय विनोद आहे. पंतांना या ना त्या सभेत अध्यक्षस्थानी बसायची भारी हौस. त्या जगातल्या आझाद मैदानावर व्यासपीठावरची अध्यक्षाची खुर्ची रिकामी दिसते आणि ते राहवून न जाता तिच्यावर जाऊन बसतात. तिथल्या लोकांनी अध्यक्षीय भाषणांना विटून ती प्रथाच मोडीत काढलेली असते. पंत बोलायला लागतात, त्यांच्यावर टोमॅटो आणि अंडी येऊन आदळतात. मराठी सभासंस्कृतीची इतकी नेमकी थट्टा करणाऱ्या लेखकालाच पुढे, २०२१ साली, नाशिकच्या साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद मिळालं, आणि प्रकृतीमुळे ते त्या खुर्चीत बसायला जाऊ शकले नाहीत.

इंग्रजीच्या वर्गात यातली बखर ही एक तळटीप असते. मुलं अनिश्चिततेचा सिद्धान्त पाठ करतात आणि पुढच्या धड्याकडे वळतात. बखर आणि ही कथा एकाच आठवड्यात, एकाच बाकावर वाचणं फक्त मराठीच्या वर्गात शक्य आहे, आणि तिथेच ते होत नाही.

मी विज्ञानकथेची भाट नाही. मराठी विज्ञानकथेतला बराचसा भाग वाचवत नाही. पात्रं पुठ्ठ्याची, संवाद म्हणजे प्रश्नोत्तरी तास : एक जण अडाण्यासारखं विचारतो, दुसरा दोन पानं सांगतो. ‘म्हणजे डॉक्टर, तुम्हाला असं म्हणायचंय का...’ हे वाक्य मी किती कथांत वाचलं याची गणती नाही. पुण्या-मुंबईचे शास्त्रज्ञ, त्यांच्या प्रयोगशाळा, त्यांच्या गाड्या. ऊसतोड कामगार किंवा आशा सेविका त्यांच्या भविष्यकाळात कुठे दिसत नाहीत. जात तर जणू २०५० साली आपोआप संपलेली असते. हे दोष कुणी दाखवलेच नाहीत, कारण विज्ञान बरोबर होतं. दलित साहित्याला त्याच्या काळात भांडणारे, कान धरणारे, पाठीशी उभे राहणारे समीक्षक मिळाले. विज्ञानकथेला मिळाली ती बक्षीस समारंभातली भाषणं.

आणखी एक निकड आहे, आणि ती रद्दीची आहे. या कथांचा फार मोठा भाग पुस्तकांत आलेलाच नाही. तो ‘नवल’, ‘किर्लोस्कर’, ‘सृष्टिज्ञान’, ‘धर्मभास्कर’ यांच्या जुन्या अंकांत आणि शेकडो दिवाळी अंकांत पडून आहे. लिव्हरपूल विद्यापीठ विज्ञानकथांच्या फुटकळ मासिकांचा आणि चाहत्यांनी काढलेल्या चोपड्यांचा संग्रह जपतं. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या रिव्हरसाइड शाखेतला ईटन संग्रह पाहायला जगभरातून अभ्यासक येतात. आमच्या तालुक्याच्या वाचनालयाने गेल्या पावसाळ्यानंतर दिवाळी अंकांचे ओले झालेले गठ्ठे किलोवर विकले. त्यात काय होतं ते आता कुणालाच कळणार नाही. मराठीला अभिजात दर्जा मिळाल्यावर जुन्या ग्रंथांकडे पैसा जाणार, जावाही. त्यातला थोडासा साठ-सत्तर वर्षांपूर्वीच्या पिवळ्या पानांकडे वळवावा, एवढंच म्हणणं.

तेव्हा विनंती अशी. नव्या शैक्षणिक धोरणाच्या नावाखाली अभ्यासक्रम पुन्हा बांधले जात आहेतच. त्यात विज्ञानकथेला वाणिज्यच्या मुलांसाठी असलेल्या खुल्या निवडीच्या दोन श्रेयांकांत ढकलून मोकळं होऊ नका. एम.ए.ला चार श्रेयांकांचा पूर्ण पेपर द्या, आणि त्यात मराठीबरोबर बंगाली, चिनी, रशियन, पोलिश कथा मराठी अनुवादातून ठेवा. अनुवाद नसतील तिथे ते करून घेणं हे विद्यार्थ्यांच्या प्रकल्पाचं काम होऊ शकतं. ज्यांना पेपर देणं जमणार नाही, त्यांनी निदान ‘भाऊसाहेबांची बखर’ जिथे आहे तिथे तिच्या शेजारी गंगाधरपंतांना बसवावं. त्यासाठी विद्या परिषदेची वेगळी मंजुरीही लागू नये. आणि ‘वैशिष्ट्ये स्पष्ट करा’ हा प्रश्न पाच वर्षं विचारू नये. प्राश्निकांना तेवढी सूचना देणं तुमच्या हातात आहे.

मी आणि माझ्या काही विद्यार्थ्यांनी मिळून दिवाळी अंकांतल्या विज्ञानकथांची एक सूची करायला घेतली आहे. अर्धवट आहे, चुका असतील. ज्या मंडळाला पेपर बांधताना तिचा उपयोग होईल त्याला जशी आहे तशी पाठवू, टपालखर्च आमचा.

कळावे, लोभ असावा.

आपली,
मराठीची एक प्राध्यापिका